भरलेला वर्ग

“नऊ नंबर तूच टाइप केलास ना गं?” मार्लिसनं दारातल्या पायपुसण्यावर बूट आपटत विचारलं. बर्फाचा चिखल माझ्या टेबलापर्यंत उडाला.

“सगळे नंबर मीच टाइप करते. चौदाच्या चौदा,” मी म्हटलं. “आणि बूट बाहेर झटकून यावं, ही तेरावी सूचना आहे.”

“तेरापर्यंत पोचलेच नाही मी. नऊवरच अडले.”

गणित विभागाच्या ह्या ऑफिसात मी बावीस वर्षं बसते. दर सत्राच्या शेवटी प्राध्यापकांना एक लांबलचक ईमेल जातो, तो माझ्या हातचा. गुण सोमवारी दुपारी बारापर्यंत भरा. किल्ल्या जमा करा. फ्रीजमधले आपापले डबे घरी न्या, नाहीतर टाकून देण्यात येतील. चौथ्या ओळीपुढे कोणी वाचत नाही, म्हणून मग सोमवारी साडेअकरा वाजता मी एकेकाला फोन करून शिव्या घालते, आणि सगळं वेळेवर होतं. नववी सूचना इतक्या वर्षांत एका अक्षरानं बदललेली नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाचा वर्ग बारा विद्यार्थी न मिळाल्यामुळे रद्द झाला, तर विभागातल्या अर्धवेळ शिक्षकाचा वर्ग त्याला मिळेल. तो फैसला शेवटच्या शुक्रवारी दुपारी बारा वाजता.

आमच्याकडे तशी वेळ कधी आली नव्हती. आता आली होती, आणि तो शुक्रवार आजचा होता.

“ग्लेनच्या वर्गाचे विद्यार्थी किती झाले?” मार्लिसनं विचारलं.

“पाच.”

“सकाळी पण पाचच होते.”

“दर तासाला वाढायला तो काय ब्रेडच्या पिठाचा गोळा आहे?” मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. ती हसली मात्र. मार्लिस हाइकिनेन कशावरही हसते. सोळा वर्षं ती इथं अर्धवेळ शिकवते. तिला टेबल नाही, कपाट नाही. तपासायचे पेपर गाडीच्या मागच्या सीटवर बटाट्याच्या खोक्यात असतात. शाळा सोडून तीस-तीस वर्षं झालेल्या माणसांना ती अपूर्णांक आणि टक्केवारी शिकवते. ही माणसं गणिताचं पुस्तक दिसलं तरी घाम पुसतात, पण बाईंच्या वर्गात येऊन बसतात. दर सत्राला तिचे दोन वर्ग. दोन असले की आजारपणाचा विमा मिळतो, एकच असला तर नाही. तिच्या नवऱ्याला, रॉयला, कंपवात आहे. चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि त्याच्या गोळ्या विम्यावर येतात. ह्या दुसऱ्या वर्गाचं मोल समजायला एवढं पुरे.

आणि वर्ग तरी कसा भरला होता तिनं! नोव्हेंबरात सात नावं होती. मी तिला म्हटलं होतं, बाई, हा वर्ग बुडतोय. तर ही कपडे धुण्याच्या दुकानात जाऊन उभी राहायची. मशीन फिरत असतं तोवर माणूस कुठं पळतो? शेजारी बसून गप्पा मारायची. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी, वृद्धाश्रमात पाळी बदलताना, असं करत करत सातावरून चोवीस नावं आणली. पूर्णवेळ प्राध्यापक ग्लेन ट्रेवारोचा कलनशास्त्राचा वर्ग मात्र कागद गिरणी बंद पडल्यापासून दर वर्षी आटतच चालला होता. इंजिनिअर व्हायची पोरं आता गावात राहतातच कुठं?

“डीनसाहेबांशी बोलून पाहू का मी?” मी विचारलं.

“आहेत का ते?”

“नाहीत. ह्या शुक्रवारी ते हमखास बाहेरगावी असतात.”

तिनं कोट न काढताच खुर्ची ओढली आणि गुण भरायला बसली. माझ्याच शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर, कारण तिला दुसरा नाही. एकेक नाव मोठ्यानं वाचून ती गुण टाकत होती. जणू काही आज शुक्रवार नव्हताच. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. मी दर पाच मिनिटांनी स्क्रीन रिफ्रेश करून बघत होते. पाच. पाच. पाच.

साडेअकराला ग्लेन आला. एकतीस वर्षांची नोकरी, उंचापुरा, खुब्याच्या दुखण्यानं जरा एका बाजूला कललेला. हातात टोपी. मार्लिसला बघून तो दारातच थबकला.

“ये की आत,” मी म्हटलं. “आयत्या बिळावर नागोबा!”

“डार्लीन,” मार्लिस म्हणाली.

“खोटं आहे का? बीळ खणलं कोणी? कपडे धुण्याच्या दुकानात हा गेला होता का?”

ग्लेननं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. वाईट माणूस नाही तो, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच जास्त राग येत होता. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं. गेल्या हिवाळ्यात रॉय घसरून पडला, तेव्हा महिनाभर ह्यानंच त्यांच्या दारातला बर्फ उपसून दिला होता.

“मे महिन्यात मी निवृत्त होतोय,” तो मार्लिसला म्हणाला. “पेन्शन शेवटच्या वर्षाच्या पगारावर ठरतं. पाचाचे चार वर्ग झाले, तर जन्मभराचं कमी होईल. हे तुला सांगायला यायलाच हवं होतं. ईमेल करणं बरं दिसलं नसतं.”

“मला माहीत होतं ते.”

“मी नकारही देऊ शकतो. डार्लीनकडे फॉर्म आहे त्याचा.” त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. “तू एक शब्द बोल, मार्लिस. तू नको म्हणालीस, तर मी घेत नाही.”

बोल ना गं, मी मनात म्हणत होते. एक शब्द तर मागतोय. बोल, आणि सुटू दे हे.

मार्लिसनं कॉम्प्युटरवरची नजर काढली आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“तो शब्द मी का बोलू, ग्लेन? पेन तुझ्या हातात आहे.”

ती रागानं म्हणाली नाही. दमलेल्या माणसाला आणखी एक पिशवी धरायला सांगितली तर तो जसं म्हणेल, तसं म्हणाली. ग्लेनचा चेहरा लाल झाला. भिंतीवरचं घड्याळ बघत तो कितीतरी वेळ उभा होता. मग माझ्या टेबलाशी आला. मी दोन्ही फॉर्म पुढं ठेवले, घ्यायचा आणि नाकारायचा. बाराला दहा कमी असताना त्यानं घ्यायच्या फॉर्मवर सही केली आणि कोणाकडेही न बघता निघून गेला.

बारा वाजता मी वर्ग क्रमांक चारसमोरचं नाव बदललं. हाइकिनेन खोडून ट्रेवारो लिहायला अर्धं मिनिटही लागत नाही. मला रडू कोसळलं. बावीस वर्षांत मी ऑफिसात रडले नव्हते, अगदी नवरा सोडून गेला तेव्हासुद्धा नाही.

“अगं, पुरे,” मार्लिस म्हणाली आणि तिच्या डब्यातला वेलदोड्याच्या पावाचा तुकडा माझ्यापुढं सरकवला. “खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

“विमा कधीपर्यंत आहे?”

“जानेवारीअखेर.”

“आणि मग?”

“बहिणीला तिच्या दुकानात पॅस्टीच्या करंज्यांसाठी पहाटे पीठ मळायला बाई हवीय.”

“ती विमा देते?”

“पॅस्टी देते.” ती हसली, पण ह्या वेळी हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. मग म्हणाली, “मला त्या चोवीस जणांची यादी छापून दे. फोन नंबरांसकट. आणि तुझा फोन दे.”

“कशाला?”

“माझ्या नावावर आलेत ते. आता उघडून बघतील, दुसरंच नाव दिसेल, आणि घाबरून आपलं नाव काढतील.”

“काढू देत!” मी ओरडलेच. “तेरा जणांनी जरी काढलं तरी वर्ग बाराच्या खाली जातो. मग बसू दे त्याला पेन्शन मोजत. चांगली जिरेल.”

“जिरेल गं त्याची,” मार्लिस म्हणाली. “पण ह्या माणसांचं काय? ह्यातले निम्मे आज मागं फिरले, तर पुन्हा जन्मात वर्गाची पायरी चढायचे नाहीत. मला माहीत आहेत ते. किती मुश्किलीनं आणलेत.”

मी यादी छापून दिली. आणखी काय करणार होते?

तिनं कोट काढला, दिवसभरात पहिल्यांदाच, आणि फोन जवळ ओढला.

“हॅलो, रँडी? मार्लिस बोलतेय… नाही रे, तब्येत ठणठणीत आहे. वर्ग ट्रेवारो सर घेणार आहेत… अरे, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेत ते… हो, रागीट आहेत थोडे. तू काय कमी आहेस?… नाही, नाव काढायचं नाही. मला वचन दे.”

खूण. पुढचा नंबर. एकाला ती म्हणाली की सर तुमच्यासारखेच शिकारीला जातात. एकीला म्हणाली, रात्रपाळी करून येतेस, डुलकी लागली तर सर काही म्हणणार नाहीत. हे तिनं सरांना विचारलेलं नव्हतं. ग्लेननं वीस वर्षांत अपूर्णांक शिकवलेला नव्हता, आणि डुलकी घेणाऱ्या पोराला त्यानं एकदा बाहेर काढलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण मार्लिस ज्या खात्रीनं सांगत होती, ते ऐकून मलाच त्या सरांच्या वर्गात जाऊन बसावंसं वाटलं.

दोनच्या सुमाराला ग्लेन परत आला. कोणतं पुस्तक लावलंय ते विचारायला आला असावा. त्याला मी हात करून गप्प केलं. तो दारात उभा राहिला.

“एल्वी? मी मार्लिस,” ती फोनवर बोलत होती. तिची पाठ दाराकडे होती. एल्वी लाहटी मला माहीत होती. वय एकसष्ट, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. तीनदा नाव घातलं आणि तिन्ही वेळा पहिल्या दिवशी गाडी लावायच्या जागेवरूनच परत गेली. “हो, खरं आहे. मी नाही ह्या वेळी… ऐक ना. ऐक तर. चार नंबरच्या खोलीचं दार बाहेरच उघडतं, माहीत आहे ना तुला? तू नुसती येऊन उभी राहा. आत यायलाच हवं असं नाही. सर दार उघडं ठेवतील… हो, थंडी असली तरी. कोट घालून शिकवतील. तू बाहेरून ऐक, आणि वाटलं तर ये… नाही, तुला हाक मारणार नाहीत. कोणी वळून बघणार नाही.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मार्लिस पहिल्यांदाच अडखळली.

“नक्की ठेवतील,” ती म्हणाली. “म्हणजे… मी सांगेन त्यांना.”

“ठेवीन,” दारातून ग्लेन म्हणाला. फोनच्या पलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. “दार उघडं ठेवीन.”

मार्लिसनं मागं वळून बघितलं नाही. “ऐकलंस?” एवढंच ती फोनमध्ये म्हणाली, आणि एल्वीच्या नावापुढं खूण केली. यादीत अजून नऊ नावं राहिली होती. तिनं पुढचा नंबर फिरवला.