एकतीस उल्लेखांची फाईल

मी एक जुनी बॉक्स फाईल आहे. माझ्या पाठीवर 'डॉ. सोमनाथ गायखे, रसायनशास्त्र, प्रकाशने' अशी चिठ्ठी आहे. मित्रांनो, १९९३ साली मी नाशिकच्या शालिमार भागातल्या एका स्टेशनरी दुकानातून तिथल्याच एका कॉलेजात आले. तेव्हा माझ्यात एका लोखंडी क्लिपेखेरीज काहीच नव्हतं.

द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या मजुरांच्या रक्तावर सरांचं संशोधन चाले. फवारणीच्या विषाने रक्तातला एक घटक घटतो. तो नेहमीच्या किती टक्क्यांखाली गेला की माणूस धोक्यात, हे सरांनी एका डॉक्टरांबरोबर शोधलं. त्यामुळे माझ्यात निम्मे निबंध रसायनाचे, निम्मे वैद्यकाचे. रसायनवाले म्हणत, हे वैद्यक आहे. वैद्यकवाले म्हणत, हे रसायन आहे. दोघेही न वाचता म्हणत, म्हणून वाद कधी झाला नाही.

१९९६ चा निबंध मात्र सगळ्यांना आवडला. पुढच्या सहा वर्षांत एकतीस संशोधकांनी आपापल्या लेखांत त्याचा उल्लेख केला. उल्लेखांचं लग्नातल्या आहेराच्या पाकिटासारखं असतं. त्यांनी आपल्याला दिलं, की आपण त्यांना द्यायचं. तिथल्या तिथे उघडून पाहायची पद्धत नाही. त्या लेखांच्या प्रतींनी मी फुगले. विभागप्रमुख पाहुण्यांना मी किती जड आहे ते उचलून दाखवत.

२००२ च्या जानेवारीत सरांची प्रपाठकपदाची मुलाखत ठरली. त्याच्या चार दिवस आधी विभागात फोन वाजला. सायखेड्याकडच्या एका दवाखान्यातल्या चंद्रभागा सिस्टर बोलत होत्या. पेठहून बागेच्या कामाला आलेला मंगळू नावाचा मजूर फवारणी करता करता कोसळला होता. सिस्टरांनी त्याचं रक्त तपासून घेतलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या, सरांच्या त्याच निबंधातल्या तक्त्याशी ताडून पाहिलं.

"सर, तुमच्या कागदावर माणूस ठीक हाय," त्या म्हणाल्या. "खाटेवर नाय."

सरांनी मला उघडलं. हाताने लिहिलेल्या मूळ कागदावर धोक्याची रेषा पन्नास टक्के होती. छापलेल्या तक्त्यात पाच. एक शून्य गळालं होतं. प्रूफ सरांनीच तपासलं होतं, वार्षिक परीक्षेचं सुपरव्हिजन करता करता. एकतीस विद्वानांनीही पाचच उतरवून घेतलं होतं. त्यातल्या दोघांनी तर आमचा पान क्रमांकही सारखाच चुकवला होता.

"सिस्टर, माझं छापलेलं चुकलंय. त्याला आत्ताच्या आत्ता नाशिकला हलवा," सर म्हणाले आणि स्वतःही सिव्हिलकडे निघाले.

परत आल्यावर त्यांनी मासिकाकडे पाठवायची दुरुस्ती लिहायला घेतली. विभागप्रमुखांनी दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं, दुरुस्ती पाठवावी, पण मुलाखतीनंतर. "अहो गायखे, चार दिवस एक शून्य झाकून ठेवता येत नाही तुम्हाला?"

"शून्य माझं आहे, सर. माणूस दुसऱ्याचा आहे."

दुरुस्ती त्याच दुपारी स्पीड पोस्टाने गेली. समितीलाही सरांनी स्वतःच सांगितलं. समितीने प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, चहा पाजला आणि जागा दुसऱ्याला दिली. दोन वर्षांनी सरांना ती मिळाली. त्या वेळी मला कुणी उघडलंही नाही. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे मी कपाटावर गेले. धूळ बसली, एका कोपऱ्याला वाळवी लागली. चुकीच्या निबंधाचे उल्लेख आता चोपन्न झाले आहेत. दुरुस्तीचा उल्लेख एकदाच झाला, आणि तो सरांनीच केला.

मित्रांनो, माझ्यासारख्या फायली जरूर जपा. वाळवीची पावडर टाका, वर्षातून एकदा ऊन दाखवा. पण ऊन दाखवायला उघडल्याच आहेत, तर दोन पानं वाचाही. लिहिणाऱ्याचं नुकसान होईल कदाचित, वाचणाऱ्याचं होत नाही.

आणि मंगळू? नवव्या दिवशी तो बायकोबरोबर, चिमणाबाईबरोबर, पेठच्या एसटीत बसून घरी गेला. दगावला असता तर कुठल्यातरी निबंधात 'एक रुग्ण, पुरुष, वय अंदाजे तीस' म्हणून नक्की छापून आला असता. तो जगला. त्यामुळे त्याचा उल्लेख कुठेही नाही.