जवळजवळ सरळ

"बाबा, ही क्यू उघडून लोळवून दाखवता?"

हा प्रश्न काही तिला आपणहून सुचला नव्हता. शाळेच्या पायऱ्यांवर मैत्रिणींनी पैज लावली होती: स्वतःच्याच वडिलांना, भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर विचारून दाखव. आता त्या दोघी दाराशी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या.

दुकान म्हणजे बिलियर्ड्ससारखा 'पूल' खेळतात त्या हॉलच्या पुढचा अरुंद गाळा. वडील जुन्या क्यू, म्हणजे या खेळाच्या दोन तुकडे पिळून जोडलेल्या लांब काठ्या, विकत घेऊन, घासूनपुसून विकायचे. आई त्या क्यूंचे फोटो इंटरनेटवर टाकायची आणि फोटोखालचं वर्णन लेक लिहायची, कारण घरात शब्द तिलाच सुचायचे. या क्यूखाली तिनंच लिहिलं होतं: 'सरळ, नव्यासारखी.' वडिलांनी सांगितलं, तिनं लिहिलं. ते वाचून आजचं हे गिऱ्हाईक, जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, आल्या होत्या. हॉलच्या संघात त्यांची नुकतीच निवड झाली होती आणि त्यांना पहिल्यांदाच स्वतःची क्यू घ्यायची होती.

"लोळवतो की," वडील म्हणाले. त्यांनी अख्खी क्यू टेबलावर ठेवून ढकलली. ती शहाण्या मुलीसारखी, कुठेही न उडता घरंगळत गेली; म्हणजे सरळ.

"झालं समाधान?"

"उघडून म्हटलं, बाबा."

"कशाला? दोन हातांत दोन तुकडे घेऊन खेळणारेत का त्या?"

नर्सबाई हसल्या. दाराशीही खुसखुस झाली. पैज तर केव्हाच जिंकून झाली होती. पण वडिलांनी क्यू इतक्या घाईनं उचलली, की तिला राहवेना. तिनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि पिळून मधला जोड उघडला.

जोडातून कागदाची एक निळी चकती खाली पडली.

तिनं ती लगेच ओळखली. तिच्याच वहीच्या कव्हरची. 'जोडाला ओरखडा नको,' म्हणून रविवारी वडिलांनी तिच्याकडूनच कापून घेतली होती. तिनं चकतीशिवाय क्यू जोडून पुन्हा लोळवली. आता मात्र ती धडधडत, झोकांड्या खात गेली. दोन्ही तुकडे वाकडे होते. चकतीच्या जाडीमुळे जोड थोडा आधीच आवळला जाऊन एकाचा बाक दुसऱ्याच्या उलट बाजूला यायचा आणि क्यू सरळ वाटायची, एवढंच. पुढचा तुकडा एकटा लोळवला, तर त्याचं टोक दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखं वरखाली होऊ लागलं.

"वाकडी आहे असं लिहिलं असतं, तरी सरावाला घेतली असती मी," नर्सबाई पर्स मिटत म्हणाल्या. "आता इथली कुठलीच नको."

त्या गेल्या. मैत्रिणीही सटकल्या.

"हातातोंडाशी आलेला घास घालवलास," वडील म्हणाले.

आई आतून आली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, कळत नाही का तुला?"

"मूठ झाकली तरी क्यू वाकडीच ना, आई."

"सगळे असंच विकतात," वडील पुटपुटले.

"विकू देत. सगळ्यांच्या क्यूखाली मी लिहीत नाही." चकती तिनं मुठीत घट्ट धरली होती. "मी ठरवलंय. यापुढे दोन्ही तुकडे स्वतः लोळवून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही. वाकडी असेल तर पहिलं वाक्य तेच. सुरुवात हिच्यापासून, आत्ता. पटत नसेल तर वर्णनं तुम्ही लिहा. पण मग त्यांच्याखाली खरं काय ते मी लिहीन, सगळ्यांना दिसेल असं."