कबरीकडे वळणारी होडी

तानाबेरू गावाचा अख्खा किनारा गुडघाभर पाण्यात उतरून बघत होता. सांग्कालाची नवी होडी शीड उभारून निघाली, की जरा पुढे जाऊन तोंड फिरवायची ती थेट पूर्वेच्या टेकडीवरल्या पिराच्या कबरीकडे. सुकाणू ओढून त्या पोराचे तळहात सोलवटले, पण बाईसाहेब ऐकतील तर शपथ.

"होडी पिराला नमस्कार करतेय," मांत्रिक बादोलो म्हणाला. "शुक्रवारी कबरीला वाहून टाका. नाहीतर पोराला गिळेल."

वाहिलेल्या वस्तू पुढे बादोलोच्या भाच्याकडे जातात, हे पिराला बहुधा ठाऊक नसावं.

मग बादोलो स्वतः होडीच्या मागच्या टोकाला बसला, मंत्र पुटपुटला, आणि होडी सरळ चालली. लोकांचे डोळे भरून आले.

मी दवाखान्यातला कंपाउंडर. मांत्रिकाला कोंबडा देऊन झाला, की मग लोकांना मी आठवतो. सांग्कालाची आई बेच्चे झोपेची गोळी मागायला आली.

"होडी गेली, तर हा परक्या जहाजावर मजुरीला जाईल, भाऊ. याचा बापही तसाच गेला. परत नाही आला."

"बादोलोचं पोट बघितलंस का?" मी म्हणालो. "उद्या त्याच्या जागी तांदळाची पोती ठेवू."

पोती ठेवली. होडी सरळ गेली.

"तांदळावर मी काल फुंकर मारली होती," बादोलो म्हणाला.

"मग आता भातही कबरीकडे तोंड करून खायचा का?" कोळणींतून कोणीतरी विचारलं.

दुपारी पूर्वेचा वारा फिरला, पश्चिमेकडून यायला लागला. मी पोती उतरवली. होडीने पुन्हा तोंड फिरवलं, पण या खेपेला पश्चिमेकडे.

"पुआंग, तिकडे तर बाजाराचा संडास आहे," एक म्हातारा बादोलोला अदबीने म्हणाला. हसून हसून लोक पाण्यात बसले. होडी नमस्कार करत होती ती वाऱ्याला.

होडी वाळूवर ओढून आडवी केली. तळाचा कणा मागे फार आखूड होता. आमच्याकडे कणा घडवताना पुढचं टोक कापून समुद्राला देतात आणि मागचं घरी ठेवतात, गेलेला माणूस परत यावा म्हणून.

"बेच्चे, सुताराकडे मागचा तुकडा केवढा मागितलास?"

तिने मान खाली घातली. "चांगला हातभर. म्हटलं, मोठा असला तर लवकर परतेल."

बिचारीच्या मायेनेच होडीचं शेपूट कापलं होतं. कणा आखूड पडल्यामुळे मागची बाजू पाणी धरत नव्हती. वारा तिला ढकलायचा आणि नाक वाऱ्याकडे वळायचं. बादोलो बसला की मागचा भाग पाण्यात रुतायचा, एवढाच त्याचा मंत्र.

तुकडा आणायला बेच्चे घरी गेली, पण आणल्यावर सोडेना. तिची मला फार दया आली.

"हा दिला, तर घरात काय राहिलं?" ती म्हणाली.

"अम्मा, भिंतीवर टांगलेलं लाकूड मला कसं आणेल?" सांग्काला म्हणाला. "पाण्यातलं आणेल."

तिने तुकडा दिला. सुताराने तो कण्याला जोडून पक्का ठोकला. शुक्रवारी बादोलो कबरीपाशी वाट बघत बसला आणि सांग्काला त्याच्या समोरून मासे घेऊन सरळ घरी आला.

माझं सांगणं एवढंच, बाबांनो. होडी हट्ट करायला लागली, तर मांत्रिकाला बोलवण्याआधी तिला आडवी करून खाली बघा.