आजोबांना कळत नाही

ऑफिसात सगळे मैत्रेयला गमतीने ‘अलाउन्सचा मास्तर’ म्हणत. माउंट वेलिंग्टनमधली त्याची कंपनी दरवर्षी प्रत्येकाच्या नावाने एक वेलनेस खातं उघडायची. चष्मा, दात, फिजिओ, घरातल्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल, कशालाही वापरा. मार्च संपला की उरलेलं बुडालं. बुडणं हा शब्द मैत्रेयला सहन होत नसे. चहाच्या वेळी तो नव्या लोकांना समजावून सांगे, की आईवडील तुमच्याजवळ राहत असतील तर त्यांचाही खर्च यात बसतो, संकोच करू नका. दुसऱ्यांना शहाणं करायची त्याला फार हौस.

त्याचे स्वतःचे वडील, भानुदास, गेल्या वर्षी आई गेल्यापासून त्याच्याकडेच राहत होते. नागपुरात त्यांनी उभं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. नात अक्षता इथेच जन्मलेली. तिला मराठी समजायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. सुरुवातीला शाळेतून आली की ती आजोबांपुढे तोंडाचा पट्टा सोडायची. आजोबा हसायचे, मान डोलवायचे आणि भलतंच काहीतरी उत्तर द्यायचे.

मैत्रेयने निदान करून टाकलं. बाबांचं इंग्रजी पुस्तकी, पोरीचं इथलं किवी, जुळणार कसं? मग साहेब स्वतःच दुभाषे झाले. बाबांच्या शेजारी बसून, कानाशी वाकून, खणखणीत आवाजात तो तिचं बोलणं मराठीत सांगायचा, आणि बाबांना ते लगेच कळायचं. झालं, सिद्धच झालं! कानाशी वाकून सांगितल्यामुळे कळतंय, हे काही या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही.

त्याची बायको सुजाता एकदा म्हणाली, “बाबांचे कान तपासून घेऊ या का?”

“बाबा, नीट ऐकू येतं ना तुम्हाला?” मैत्रेयने तिथल्या तिथे, बाबांच्या अगदी जवळ जाऊन विचारलं.

“येतं की,” बाबा म्हणाले. तपासणी संपली.

हळूहळू अक्षता आजोबांच्या खोलीकडे फिरकेनाशी झाली. आणि परवा जेवताना बाबा म्हणाले, “मैत्रेय, माझं परतीचं तिकीट काढून दे बेटा. जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि नातीचं एक वाक्य धड समजत नाही. पोरांना काय शिकवलं असेल मी, कोण जाणे. लाज वाटते मला तिच्यासमोर.”

मैत्रेयला वाईट वाटलं. त्याने समजूत घातली, पण तिकिटं बघायलाही लागला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी तो बाबा आणि अक्षता दोघांना घेऊन मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात गेला. खात्यात उरलं होतं ते बुडू नये म्हणून दुसरा गॉगल घ्यायचा होता. पहिलाही चांगलाच होता. आरशासमोर तो एकेक फ्रेम लावून बघत असताना कंटाळलेली अक्षता आजोबांना ओढत दुकानाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेली. तिथे कानांची तपासणी फुकट होती.

पैसे भरून, नवा गॉगल डोक्यावर चढवून मैत्रेय तिकडे पोचला, तेव्हा तपासणी आटोपली होती.

“किआ ओरा,” तिथली बाई इथल्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाली. “तुमच्या वडिलांना बारीक आवाज जवळपास ऐकूच येत नाहीत. लहान मुलांचे आवाज तर पहिले जातात. पुरुषाचा जाड आवाज, तोही जवळून, तेवढा कळतो. हे बऱ्याच वर्षांचं दिसतंय. घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?”

मैत्रेय बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“तुमच्या ऑफिसचं वेलनेस खातं असेल तर बघा,” तिने सुचवलं. “बरेच लोक त्यातून आईवडिलांसाठी कानाचं मशिन घेतात.”

त्याने डोक्यावरचा गॉगल काढून खिशात कोंबला. कान गरम झाले होते त्याचे. खातं रिकामं झालं याचं काही नव्हतं, मशिन काय, पगारातून घेता येत होतं. पण ज्या माणसाने आपल्याला ए बी सी डी शिकवली, त्याला आपणच अडाणी ठरवून परत पाठवायला निघालो होतो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईने नमुन्याची मशिनं बाबांच्या कानांत बसवली. अक्षता त्यांच्या पाठीमागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “आजोबा, कॅन यू हिअर मी?”

बाबा गर्रकन वळले. “येस, माय डिअर. परफेक्टली.”

“नो वे!” अक्षता किंचाळली आणि त्यांच्या गळ्यात पडली. बाबांचे डोळे भरून आले. “नाऊ टेल मी एव्हरीथिंग,” ते म्हणाले. “सगळं, अगदी पहिल्यापासून.”

“बट व्हाय डिडन्ट यू से?” अक्षता म्हणाली. “डॅड सेड डोन्ट बॉदर, आजोबा वोन्ट गेट इट. सो आय स्टॉप्ड.”

आता बाबांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. त्यांनी मैत्रेयकडे पाहिलं. मैत्रेयची मान खाली गेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. बाबा रागावले असते तर त्याला चाललं असतं, हवंच होतं.

बाबांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. “युवर डॅड वॉज राइट, बेटा,” ते म्हणाले. “आय वॉज अ स्लो स्टुडंट.”

मैत्रेयला पाचवीत साधा धडा वाचता येत नव्हता. तेव्हा त्याच्याबद्दल ‘स्लो’ हा शब्द बाबांनी ना शाळेत कुणाला उच्चारू दिला, ना घरात.