फ्लेक्सीवरची त्रिवेणी

तिळाचा गोळा स्टीलच्या ताटलीत तेल सोडत होता… काळपट, लिंबाएवढा, वर कुणाच्या तरी बोटांचे ठसे. समोरच्या सुगुणा आंटींनी तीळ-गूळ कुटून सकाळीच आणून दिला होता. "खा अम्मा, कंबरेला ताकद येते," त्रिवेणीला म्हणाल्या, आणि ताटली फरशीवर ठेवून पायानं तिच्याकडे सरकवली — नाही, पायानं नव्हे, हातानंच, पण बोटाच्या टोकानं. आठवणीत मात्र पायच येत होता.

तिसरा दिवस. चटई, कोपरा, वेगळी ताटली, वेगळा तांब्या. तारनाक्याच्या या दोन खोल्यांत तेरा वर्षं धडकत-आपटत हिंडलेली त्रिवेणी, आणि आता चटईबाहेर अंगठा गेला तरी आई डोळे वटारते! या क्षणी शाळेच्या मैदानावर खो-खोची निवड चालू असेल. खांबाला हात घालून गर्रकन वळावं तर तिनंच, असं सर चारचौघांत म्हणाले होते — आणि ती इथं, तीळ खात.

बरं, तिला काही ठाऊक नव्हतं असंही नाही. शाळेत डॉक्टरबाई आल्या होत्या, फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं — गर्भाशयात दर महिन्याला मऊ अस्तर तयार होतं, गरज पडली नाही की रक्ताबरोबर बाहेर पडतं, आजार नाही, घाण नाही, पॅड वेळेवर बदला आणि खुशाल खेळा. मागच्या बाकावरच्या पोरी खिदळत होत्या. त्रिवेणीनं हात वर करून तीन प्रश्न विचारले होते. परवा तेच सगळं तिनं आईला ऐटीत समजावलं, तर आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "छान शिकवलंय हो. आता चटईवर बसा, डॉक्टरीणबाई."

"पण आई, हे विटाळबिटाळ—"

"आपल्यात बसतात."

"आणि ते पोरगी मोठी झाल्याचं फंक्शन? तेही आपल्यात करतात?"

"इथं करतात. राहतो कुठं आपण?"

म्हणजे गावाकडची चटईही आपली आणि हैदराबादचं फंक्शनही आपलंच! गावाकडे कुणाला कळू देत नाहीत, इथं हॉल घेऊन जेवण घालतात. घरच्यांनी दोन्हीकडचं बरोब्बर जमवलं — शिवायचं नाही, आणि सांगायचं मात्र जगाला.

तेही तिनं चालवून घेतलं असतं, पण पप्पा… रोज स्कूटरवरून शाळेत सोडणारे, सिग्नलला थांबलं की मागं हात करून तिचा गुडघा थोपटणारे — "काय प्लेयर?" तीन दिवसांत त्यांनी तिच्याकडे पाहिलेलंच नाही. आईला म्हणायचे, "तिला विचार, पाणी हवंय का." तिला! ती दीड हातावर बसलेली असताना.

आणि आता बाहेरच्या खोलीतून त्यांचाच आवाज, मोकळा, हसरा, फ्लेक्सीवाल्याशी फोनवर — "हौ भाई, बच्ची बडी हो गई ना! दस बाय आठ बनाव. गेट के बाजूच लगाना है."

गेटपाशी. जिथून तिच्या टीमच्या पोरी रोज जातात. तिचं हसरं तोंड, दहा बाय आठ फुटांच्या बॅनरवर, आणि ते कशासाठी हे वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक. त्या अनोळखी माणसाला सांगता येतं. तिच्यासाठी मात्र एक शब्द नाही. घाबरू नकोस, एवढासुद्धा…

पावलं वाजली. पप्पा उंबऱ्याशी, मोबाईल हातभर पुढे, नजर भिंतीवर.

"पद्मा, तिला विचार, हा फोटो चालेल का."

"आई भाजीला गेलीय, पप्पा. मलाच विचारा ना."

तिनं मोबाईलसाठी हात पुढे केला, आणि ते झटकन मागं सरले, मोबाईल छातीशी धरून.

"आई आली की… बघू," ते भिंतीला म्हणाले.

तीन दिवस तिला वाटत होतं, पप्पा रागावलेत, आपलंच काहीतरी चुकलंय. राग नव्हताच तो. भीती होती. लॉरीवाल्यांना भररस्त्यात शिव्या देणारे पप्पा तिच्या पाच बोटांना भ्याले होते! हसू यायला हवं होतं. आली ती कीव, तिळासारखी कडवट, घशाशी चिकटलेली… ते रागावलेत असं वाटत होतं, तोवर ते पप्पाच होते. आता उंबऱ्यापलीकडे नुसताच एक घाबरलेला माणूस उभा होता, आणि त्याला काय म्हणून हाक मारावी, ते तिला सुचत नव्हतं…