भिकाच्या श्वासाचे आकडे

"या कारखान्यात किती वर्षं झाली?" नव्या डॉक्टरांनी विचारलं.

"पाच दिवाळ्या, सायेब." भिकाला खोकल्याची ढास लागली. "पावडर खात्यातच हाय मी."

"कॉम्प्युटरवर तर ही तुमची पहिलीच तपासणी दिसते. खातं बदलून द्या, असं मी कशावरून लिहू?"

दवाखान्याची कारकून वैभवी हे ऐकून चपापली. भिकाला दर वर्षी नळीत फुंकायला तिनेच लावलं होतं. त्या तपासण्या गेल्या कुठे?

शोधल्यावर सापडल्या. तपासण्यांच्या तक्त्यात त्रेसष्ट नोंदी अशा होत्या, की ज्यांच्या नंबराचा माणूसच कामगारांच्या तक्त्यात नव्हता. भिकासारखी डोंगराकडची माणसं पावसाळ्यात आवणीला, भात लावायला, गावी जायची आणि भात कापून दिवाळीनंतर परत यायची. माणूस गेला की गेटवरचा जितेश त्याचं नाव काढून टाकायचा. परत आला की नवा नंबर द्यायचा.

"नाव काढताच येऊ नये म्हणून तर मी दोन्ही तक्ते जोडले होते!" वैभवी त्याच्यावर उखडली.

"माझ्या कॉम्प्युटरने कधी अडवलं नाही बुवा."

खरंच होतं ते. मूळ तक्ते सर्व्हरवरच्या फाइलीत होते. गेटवर आणि दवाखान्यात होत्या त्या तिथे डोकावायच्या नुसत्या खिडक्या. तक्ते जोडणारी रेघ वैभवीने स्वतःच्या खिडकीत ओढली होती आणि वर्षभर मिरवली होती. मूळ फाइलीला त्या रेघेचा पत्ताच नव्हता. चूक तिचीच होती. तिला भयंकर लाज वाटली.

ती मूळ फाइलीत रेघ ओढायला गेली, तर कॉम्प्युटर अडून बसला. आधी या बेवारस नोंदींचं काय ते बघा, म्हणाला.

"पुसून टाक की," मॅनेजर केदारसाहेब म्हणाले. "सोमवारी कारखाना तपासायला लोक येतायत. पाच मिनिटांचं काम."

"सर, त्यात भिकादादांची छाती आहे. मी नाही पुसणार."

"मग सोमवारपर्यंत निस्तर."

तिने कपाटातले कागदी फॉर्म काढले. जुना नंबर, नाव, गाव, अंगठा. एकाच गावचे सुका नावाचे दोघे निघाले. ते उंचीवरून ओळखले. प्रत्येकाला एकच कायमचा नंबर दिला. जाणाऱ्याचं नाव आता काढायचं नव्हतं, त्यापुढे 'गावी' एवढंच लिहायचं होतं. शनिवारी दुपारी त्रेसष्टावी नोंद जागेवर बसली. मूळ फाइलीत रेघ ओढली, तेव्हा कॉम्प्युटर चकार शब्द बोलला नाही.

तिने गेटवर फोन लावला. "जितेश, भिकादादांचं नाव काढून बघ."

"आता कशाला?"

"काढ तर."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "नाही निघत गं. म्हणतोय, याच्याखाली नोंदी आहेत."

वैभवीने समाधानाने फोन ठेवला.

सोमवारी डॉक्टरांनी भिकाच्या फुंकण्याचे पाचही वर्षांचे आकडे पाहिले. चारशे साठपासून दर वर्षी उतरत दोनशे नव्वदवर आलेले. त्यांनी खातं बदलण्याची चिठ्ठी लिहिली.

भिकाला अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे कळत होते. त्याने पडद्यावरच्या पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो माजाच?"

"तुमचाच, भिकादादा."

"मोटा व्हता की." तो आकड्याकडे बघत राहिला. "तवा मी भाताचा भारा घेऊन पळत चढायचो."

मग चिठ्ठी खिशात ठेवून तो टेबलाचा आधार घेत उठला, आणि दारापर्यंत जाताना दोनदा थांबला.