अहो म्हणणारी राजकन्या

मित्रांनो, मी एक जुनी राजकन्या आहे. जुनी म्हणजे इतिहासातली नव्हे. मी फायबरची आहे. ग्वाल्हेरात थाटीपुरच्या पुढे 'आनंदमहल' नावाची बाग आहे, तिथल्या बोटींच्या खेळात मी बुरुजाच्या खिडकीत उभी असते. तुम्ही आईबाबांबरोबर बोटीत बसता, बोट कालव्यातून डुलत येते, मी वरून ओरडते, समोरून घोड्यावर बसून राजकुमार येतो आणि मला वाचवतो. मग तुम्ही टाळ्या वाजवता आणि बाहेर जाऊन चाट खाता. माझं काम एवढंच. पण ते मी वर्षानुवर्षं, एकही सुट्टी न घेता करत आले आहे.

माझा जन्म जयेंद्रगंजात भालचंद्र मिस्त्रींच्या कारखान्यात झाला. तिथे खरं तर पाटणकर बाजारातल्या साड्यांच्या दुकानांसाठी पुतळ्या बनत. बागेचे मालक महिपतराव यांनी राजकन्या मागितली, तेव्हा भालचंद्रांनी साडीवालीचाच साचा पुढे ओढला. म्हणून माझा उजवा हात हा असा आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडत असले तरी खालून पाहणाऱ्याला वाटतं, ही पदरावरची बुट्टी दाखवते आहे.

महिपतराव मला पाहायला आले. मला सगळीकडून न्याहाळून म्हणाले, "कंबर जरा आणखी बारीक करा."

"साहेब," भालचंद्र म्हणाले, "आणखी घासली तर दोन राजकन्या होतील. एक वरची आणि एक खालची."

राजकुमारासाठी मात्र नवा साचा आला. त्याला घोड्याची एक मोटार, मानेची एक आणि तलवार वरखाली करायला वेगळी एक. मला फक्त मानेची. "राजकन्येला काय करायचंय?" महिपतराव म्हणाले. "इकडे बघेल, तिकडे बघेल." दारावर पाटी लागली: 'राजकुमार संग्रामसिंह और उनका घोड़ा तूफ़ान'. मी ती पाटी पुढे कधीतरी ऐकली, कोणीतरी मोठ्याने वाचली तेव्हा. घोड्याचं नाव ऐकून मला आनंद झाला. माझं नाव येईल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली, तोवर वाचणारा पुढे गेला होता.

मला पळवून नेणारा एक राक्षसही होता. तो बांबूचा आणि कापडाचा असल्यामुळे त्याला उंदरांनी खाल्लं. तेव्हापासून मला कोणाचीच भीती नाही. पण ओरडणं ठरलेलं होतं, ते चालू राहिलं.

माझा आवाज मालकांच्या सुनेचा आहे. मालकांच्या मुलाशी, हेमेंद्रशी, लग्न होऊन उन्नती तेव्हा नुकती आली होती. तिला माइकसमोर उभं केलं आणि ती मनापासून ओरडली, "संग्रामसिंह! बचाओ!" आवाज छान होता. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मालकीणबाई, सुलोचनाबाई, बोटीत बसल्या. हे घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आलेलं. तलवारी केव्हाच गंजल्या, पण रीत अजून धारदार आहे.

"ही कोण?" त्यांनी वर बोट करून विचारलं.

"राजकन्या," महिपतराव म्हणाले.

"आणि तो?"

"राजकुमार."

"कोण लागतो तिचा?"

महिपतरावांनी याचा विचार केला नव्हता. "लागत नाही कोणी. वाचवायला येतो."

"म्हणजे परका पुरुष! अहो, चारचौघांत, लहान मुलांसमोर? आपल्या बागेत?"

संध्याकाळपर्यंत माझ्या गळ्यात मंगळसूत्र आलं. मित्रांनो, अक्षता नाहीत, अंतरपाट नाही, आणि मी संग्रामसिंहाची बायको झाले. पण तेवढ्यावर भागलं नाही. सुलोचनाबाईंनी पुन्हा बोटीत बसून सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आता तर हद्द झाली. नवऱ्याला नावाने हाक मारते!"

उन्नती पुन्हा माइकसमोर उभी राहिली. तेव्हापासून मी एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत अशी ओरडते: "अहो, ऐकलंत का? वाचवा!" आणि "अजी सुनते हो? बचा लो!"

याचा परिणाम असा झाला की मी ओरडले की बोटीतले सगळे नवरे दचकून आपापल्या बायकोकडे पाहतात. पहिल्या हाकेला मराठी, दुसऱ्या हाकेला उरलेले. एक गृहस्थ तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "हाँ, ला रहा हूँ."

ती माझी भरभराटीची वर्षं होती. रविवारी पार रस्त्यापर्यंत रांग लागे. खेळ संपला की दारात उन्नती भेटी वाटायची. मुलांना पुठ्ठ्याची तलवार, मुलींना चमकीचा मुकुट. तलवारवाल्यांनी संग्रामसिंहाच्या घोड्यापाशी फोटो काढायचा, मुकुटवाल्यांनी माझ्या खिडकीखाली, गालाला एक बोट लावून. बोट का लावायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मला तर तेही जमत नाही, माझा हात साडीत अडकलेला.

एकदा एका मुलीने तलवार मागितली आणि उन्नतीने देऊन टाकली. तिची आई लगबगीने परत आली.

"बहनजी, ये बदल दीजिए. बिटिया है, चोट लग जाएगी."

"लड़कों को भी तो यही दे रहे हैं. उनको नहीं लगेगी?"

"लड़का तो मारेगा ना," ती बाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "उसको क्यों लगेगी?"

उन्नतीने वर माझ्याकडे पाहिलं. मी मान इकडून तिकडे फिरवली. तेवढंच मला येतं.

उन्नतीची मुलगी अंतरा या बागेतच मोठी झाली. पाच वर्षांची असताना ती बोटीतून माझ्या बुरुजाला वळसा घालून आली आणि आईला म्हणाली, "आई, पीछे तो सीढ़ी आहे. मग ही उतरत का नाही?"

"ती शिडी वायरमनची आहे, बेटा."

"तो क्या हुआ? वायरमनको पूछके उतरायचं."

बोटीतले सगळे हसले. मी मात्र त्या दिवशी दिवसभर त्याचाच विचार करत होते.

मग दिवस बदलले. बाजारात नवे नवे खेळ आले. माझा रंग उडाला, एका गालाला तडा गेला. तो भरायच्या ऐवजी कोणीतरी वरून गुलाबी रंग फासला, त्यामुळे मी एका बाजूने फार लाजलेली दिसू लागले. संग्रामसिंहाची मान अडकली आणि तो आभाळाकडे बघत मला वाचवू लागला. महिपतरावांचे गुडघे गेले. एक दिवस ते बुरुजासमोरच्या बाकावर बसून सुलोचनाबाईंना म्हणाले, "दिल्लीकडचे लोक बाग चालवायला मागताहेत. हे सगळं काढून उड्या मारायच्या जाळ्या लावणार म्हणे. मंगळवारी त्यांचा माणूस येतो. देऊन टाकतो."

'हे सगळं' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. भंगाराची गाडी मी पाहिलेली आहे. राक्षसाचे उरलेले बांबू तिच्यातूनच गेले.

उन्नती भेटींची टोपली घेऊन तिथेच उभी होती. "आबासाहेब, देऊ नका. मी चालवते."

"तू चालवतेसच की. खिडकीवर तिकिटं फाडतेस, वाढदिवस सांभाळतेस."

"तसं नाही. सगळी. पंप, बोटी, माणसं, सगळं."

महिपतराव हसले. माणूस वाईट नाही. सुनेसाठी दर हिवाळ्यात स्वतः तिळाचं गजक घेऊन येतात. "अगं, हेमेंद्र इंदूरची नोकरी सोडून आला असता तर गोष्ट वेगळी. हे मशीनचं काम. वेळ पडली तर पाण्यात उतरावं लागतं. घरच्या सुनेने कालव्यात उतरायचं? लोक काय म्हणतील?"

उन्नतीने टोपली खाली ठेवली आणि तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली. त्या दिवशी तिने कोणालाच तलवार दिली नाही, मुलांनाही मुकुटच दिले. फारशी तक्रार आली नाही.

मंगळवारच्या आधी रविवार आला. सुलोचनाबाईंनी ठरवलं की बाग जायचीच आहे, तर संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच करू. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या झाडून साऱ्या बायका आल्या. धुकं एवढं होतं की मला समोरचा घोडाही अर्धाच दिसत होता. बायकांना सोडायला आलेले नवरेही "चला, आपणही एक चक्कर मारू" म्हणत बोटीत शिरले. बोटवाला लग्नाला भिंडला गेलेला, म्हणून बटणांपाशी महिपतराव स्वतः बसले.

पहिली बोट बुरुजापाशी आली. मी ओरडले, "अहो, ऐकलंत का? वाचवा!" संग्रामसिंह तूफ़ानावर बसून, तलवार उगारून, रुळावरून निघाला. त्याचा रूळ कालव्यावर आडवा आहे. बरोबर मध्यावर आल्यावर खट् असा आवाज झाला आणि तो थांबला. पहिली बोट घोड्याच्या पोटाला धडकली, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. सगळा खेळ तुंबला, आणि तुंबवणारा कोण, तर वाचवायला निघालेला!

"अहो!" पहिल्या बोटीतून सुलोचनाबाई ओरडल्या.

"वाचवा!" मी वरून ओरडले. माझी लाईन वेगळी आहे, ती चालू होती.

"आलो, आलो!" महिपतराव काठावर काठी आपटत म्हणाले. "कोणीतरी उतरा रे! गुडघाभर पाणी आहे! बुरुजात विजेची पेटी आहे, तिचं बटण पडलं असेल!"

सगळ्यांच्या नजरा पहिल्या बोटीत बसलेल्या सूर्याजीरावांकडे गेल्या. त्यांच्या मिशा मोठ्या आणि कहाण्या त्याहून मोठ्या. "आमच्या पणजोबांनी," ते म्हणाले, "भर पुरात चंबळ ओलांडली होती. घोड्यावरून."

"मग उतरा ना भाऊजी," सुलोचनाबाई म्हणाल्या. "घोडा समोरच आहे."

"उतरलो असतो वहिनी. पण मला सर्दी आहे." त्यांनी माकडटोपी नीट केली.

दुसऱ्या बोटीतल्यांचे बूट नवे होते. तिसऱ्या बोटीतले म्हणाले की पुढच्यांनी उतरायला हवं, तशी पद्धतच आहे. "अजी सुनते हो?" मी विचारलं. सगळ्यांनी ऐकलं. कोणी हललं नाही.

तेवढ्यात उन्नती धावत आली. अंगावर चंदेरी साडी, हातात हळदीकुंकवाचं ताट. तिने ताट महिपतरावांच्या हातात दिलं, साडीचा कासोटा घातला आणि पाण्यात उतरली. जानेवारीतलं पाणी ते! पहिल्या पावलाला तिच्या तोंडून जो शब्द निघाला, तो कुठल्याही राजकन्येने उच्चारलेला मी ऐकलेला नाही.

"उन्नती! सांभाळून!" महिपतराव म्हणाले. हातात ताट असल्यामुळे त्यांना काठीही आपटता येईना.

तिने आधी घोडा ढकलून पाहिला. तूफ़ान हलला नाही. मग एक चप्पल पाण्याला अर्पण करून ती माझ्या मागे आली आणि शिडी चढली. मित्रांनो, इतकी वर्षं आमचा आवाज एक, पण ती माझ्या खिडकीत कधी आली नव्हती. दात वाजत होते तिचे. बरोबर तेव्हाच माझी पाळी आली आणि उन्नतीच्याच आवाजात मी ओरडले, "अहो, ऐकलंत का? वाचवा!"

"अगं गप की गं!" ती मला म्हणाली. "वाचवतेच आहे!"

आणि तिने बटण वर केलं.

संग्रामसिंह गचका देऊन मागे सरकला. त्याची उगारलेली तलवार सर्रकन खाली आली आणि तिच्या टोकाने सूर्याजीरावांची माकडटोपी उचलून कालव्यात टाकली. एवढ्या वर्षांत त्याने केलेला हा पहिलाच पराक्रम. टाळ्या पडल्या. बोटी सुटल्या.

काठावर पाय ठेवताच सुलोचनाबाई उन्नतीवर कडाडल्या, "ओल्या साडीत उभी काय राहिलीस? निमोनिया करून घ्यायचाय?" मग स्वतःची शाल काढून तिला गुंडाळली. मग महिपतरावांपुढे हात केला. "अहो, किल्ल्या द्या."

त्यांना वाटलं, चहाची खोली उघडायची असेल. त्यांनी कमरेचा जुडगा काढून दिला. सुलोचनाबाईंनी त्यांच्याच हातातल्या ताटातलं हळदीकुंकू उन्नतीला लावलं, गजकाचा तुकडा दिला आणि तिच्या ओल्या पदरात बागेच्या सगळ्या किल्ल्या टाकल्या. "हे घे. यंदाचं वाण."

महिपतराव हळूच म्हणाले, "अहो, पण मंगळवारी तो माणूस..."

"त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. सवाष्णीला दिलेलं वाण परत घेतात का कुठे? आपल्याकडे असं कधी झालंय?"

झालं नव्हतं. सगळ्या लश्करासमोर ते आता करायची महिपतरावांची छाती नव्हती. आणि मला खिडकीतून जेवढं दिसलं त्यावरून सांगते, त्यांची तशी फार इच्छाही नव्हती. त्यांनी ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाले, "तीन नंबरचा पंप गळतो, उन्नती. उद्या बघून घे."

तर मित्रांनो, मी अजून खिडकीतच आहे. भालचंद्र आता म्हातारे झालेत, पण येऊन माझ्या गालाचा तडा त्यांनी आतून नीट भरला. संग्रामसिंहाची मान सुटली, आता तो मला बघून वाचवतो. तलवारी आणि मुकुट एकाच टोपलीत असतात. बहुतेक मुलं दोन्ही घेतात आणि मग भांडतात. माझं एकच मागणं आहे. बागेत याल तेव्हा आमच्यासारख्यांवर खाऊन झालेली कणसं फेकू नका, आणि कोणाला कुठे तडा गेलेला दिसला तर वरून रंग न फासता ज्याचं काम आहे त्याला लगेच सांगा.

ते कोणाला सांगायचं, हे इथे सगळ्यांना अजून सवयीचं झालेलं नाही. परवा एक आईस्क्रीमवाला तिकिटाच्या खिडकीशी आला. आत महिपतराव चष्मा लावून सुटे पैसे शोधत होते. त्यांना ओळखून तो हात जोडून म्हणाला, "मालिक, गाड़ी कहाँ लगाऊँ?"

महिपतरावांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पंपाच्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला.

"मालिक उधर हैं," ते म्हणाले. "अभी मत जाना. गुस्से में हैं."